रुमालावर उतरलेला नगर रस्ता

आत्याकडे केंदूरला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. जानेवारीतलं ऊन, पण वारा गार. पुण्याहून मोटारसायकलवर निघालेलो. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर अशी गावं एकामागून एक आली आणि प्रत्येक गावात पुढच्या ट्रकने मला तोंडभर प्रसाद दिला. शिक्रापूर सोडून केंदूरकडे वळलो तेव्हा ट्रक कमी झाले, मग फुफाटा सुरू झाला.

ओसरीवर टेकलो, खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढला आणि कपाळावरून फिरवला. आत्याची नात समोरच बसली होती. सहावीत आहे आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती ओरडलीच, "आज्जी, काकाचा रंग जातोय!"

खरंच जात होता. रुमालावर तीन पट्टे उमटले होते. कपाळाचा पट्टा तपकिरी. नाकाच्या बाजूच्या खाचेतला करडा. आणि हनुवटीखाली, हेल्मेटचा पट्टा जिथे घासत होता तिथला, थेट काळा.

"न्हाणीत वजरी हाय बघ," आत्या चुलीपासून न उठताच म्हणाली. "घास चांगलं खसाखसा."

मी तोंड धुतलं, पण वजरीला हात लावला नाही. नातीने ते पाहिलं आणि मला पकडलं. "का नाही घासलंस? आजीला सांगू?" झालं. तिला उत्तर देता देता दोन दिवस गेले. ते उत्तर आता तुम्हालाही देतो.

आधी रुमाल बघू. तपकिरी पट्टा म्हणजे माती. रस्त्याची, वावराची, खडी क्रशरची. हे कण तसे गलेलठ्ठ. अंगावर बसतात, धुतले की जातात. काळा पट्टा मात्र मातीचा नाही. ती काजळी आहे. डिझेल, लाकूड, कचरा, काहीही अर्धवट जळलं की काजळी होते. तिचे कण इतके बारीक की मोजायला मिलिमीटर पुरत नाही. मिलिमीटरचे हजार तुकडे करा, त्यातला एक म्हणजे मायक्रोमीटर. हवेच्या बातमीत 'पीएम २.५' असं ऐकता ना? ते म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. आता असं समजा की जादूने आपण सगळंच फुगवलं आणि अडीच मायक्रोमीटरचा कण खसखशीच्या दाण्याएवढा झाला. मग तुमचा केस किती जाड होईल? उसाच्या कांडीएवढा! आणि काजळीचे पुष्कळसे कण त्या खसखशीहूनही लहान असतात.

एवढीशी खसखस आपलं काय बिघडवणार, असं नातीला वाटलं. तेवढ्यासाठी आपल्याला कातडीची भिंत बघावी लागेल.

तुमच्या वयाच्या मुलाची कातडी उलगडून पसरली (पसरू नका) तर साधारण एक चौरस मीटर भरेल. मोठ्या माणसाची दीड ते दोन. या सगळ्या कातडीच्या सर्वांत वर एक थर असतो, वहीच्या पानाच्या जेमतेम पाचव्या भागाइतका जाड. तेवढ्यात मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस थर रचलेले असतात. हो, मेलेल्या! आरशात तुम्हाला तुमचा जो गाल दिसतो त्याची वरची बाजू जिवंत नसते. पेशी तळाशी जन्मते, वर सरकत सरकत चपटी होते, मरते आणि गळून पडते. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. दिवाळीत आत्याने तुमचा जो गालगुच्चा घेतला, तो गाल संक्रांतीपर्यंत केव्हाच झडून गेलेला असतो.

नुसत्या विटा एकावर एक ठेवल्या तर भिंत होते का? नाही. मध्ये गिलावा लागतो. कातडीतही या चपट्या पेशींच्या मधे एक चरबीचा गिलावा असतो. पीटर एलायस नावाच्या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी ही वीट-गिलाव्याची उपमा रूढ केली आणि ती इतकी चपखल बसली की आजही वैद्यकाच्या पुस्तकांत तीच देतात. पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, ही दोन्ही कामं मुख्यतः गिलावा करतो. विटा नुसत्या हजेरीला.

धडधाकट भिंतीतून काजळीचा कण सहसा आरपार जात नाही. केसांच्या मुळाशी जी खळगी असते तिथे अडकून बसतो फार तर. मग भ्यायचं कशाला? कारण कण एकटा येत नाही. आठवडी बाजारातून परतणाऱ्या माणसासारखी त्याच्या पाठीवर गाठोडी असतात. धुरातली तेलकट रसायनं काजळीला चिकटून येतात. त्यांचं नाव लांबलचक आहे, पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन. आपण 'पीएएच' म्हणू. आता चोर कोण आणि कुलूप कुठलं ते बघा. पीएएच तेलकट, गिलावाही तेलकट. तेल तेलात विरघळतं. कण दाराबाहेर उभा राहतो आणि गाठोडं आत झिरपतं.

हे मी सांगतोय म्हणून मानू नका. केंदूरच्या शेजारीच पाबळ आहे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आधी हाताने करा, मग समजून घ्या, ही तिथली शिकवण्याची रीत. आम्हीही तेच केलं. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला, ते पूर्ण गार झाल्यावर, अंगठा लावला. काळाकुट्ट! नुसत्या पाण्याखाली धरला. पाणी मोत्यासारखं घरंगळून गेलं आणि अंगठा होता तसाच. मग खोबरेल तेलाचा एक थेंब चोळला. काजळी सुटून तेलात आली, मऊ फडक्याने पुसली गेली. मग साबण. अंगठ्यावरच्या बारीक रेघांत थोडी काजळी उरली, ती संध्याकाळपर्यंत तिथेच होती. तुमच्याकडे चूल नसेल तर मेणबत्तीच्या ज्योतीवर मोठ्या माणसाकडून स्टीलचा चमचा क्षणभर धरून घ्या. तीच काजळी मिळेल.

"आत झिरपून मग करतं काय?" नातीचा पुढचा प्रश्न.

आतल्या जिवंत पेशींमध्ये एक कुलूपवजा रेणू असतो. शास्त्रज्ञ त्याला एएचआर म्हणतात. पीएएचची किल्ली या कुलपात बरोब्बर बसते. किल्ली फिरली की पेशीत धोक्याची घंटा वाजते. पेशी त्या परक्या पदार्थाची मोडतोड करायला घेते, पण त्या मोडतोडीतच काही तापट तुकडे तयार होतात. ते गिलाव्याला आणि पेशींच्या भागांना चटके देतात. मग लाली, खाज, कोरडेपणा. कुणाला आधीच इसब असेल तर ते चवताळतं. आणि त्याच गडबडीत रंग बनवणाऱ्या पेशींनाही जादा काम लागतं, त्या रंगद्रव्याचे ठिपके पाडू लागतात.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. ठिपके पडणं वेगळं आणि तुमचा सावळा रंग वेगळा. सावळा रंग म्हणजे मळ नव्हे, प्रदूषण नव्हे. ती उन्हाविरुद्धची आपली जन्मजात छत्री आहे. 'प्रदूषणाने काळवंडलेला चेहरा सात दिवसांत उजळ' असं सांगणारी जाहिरात दिसली की तुम्ही चॅनल बदला.

ठिपक्यांची गोष्ट शास्त्रज्ञांनी पक्की कशी केली? तर आज्यांना विचारून! जर्मनीत रूर नावाचा, कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाच्या कारखान्यांचा म्हणून ओळखला जाणारा मुलूख आहे. तिथल्या आणि आसपासच्या बायकांच्या तब्येतीचा अभ्यास १९८० च्या दशकापासून चालू होता. पुढे संशोधकांनी त्यांतल्या सत्तर ते ऐंशी वयाच्या चारशे आज्यांची कातडी बारकाईने तपासली. कोण मोठ्या रस्त्याजवळ राहिलं, कुणाच्या घराभोवती काजळी किती, हे सगळं मांडलं. २०१० साली उत्तर छापून आलं. जिथे काजळी आणि वाहनांचे कण जास्त, तिथल्या आज्यांच्या कपाळावर आणि गालांवर ठिपके सुमारे वीस टक्के जास्त. कुणी किती ऊन खाल्लं, कुणी सिगारेट ओढली, हेही हिशेबात धरलं होतं बरं का.

मी हे सांगत होतो तेव्हा आत्या भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत, पण कान इकडेच. "आमच्याकडं कुठं आलाय मोठा रस्ता," ती म्हणाली.

रस्ता नाही, पण चूल आहे. चीनमध्ये बाराशेहून जास्त बायकांचा असाच अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. लाकूड-कोळशावर स्वयंपाक करणाऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या घड्या थोड्या अधिक खोल होत्या, आणि हातांच्या मागच्या बाजूला बारीक सुरकुत्या असण्याची शक्यता बरीच जास्त. मी हे वाचलं तेव्हापासून चुलीपुढे बसलेल्या कुणाचेही हात पाहिले की माझी नजर तळव्याच्या उलट्या बाजूकडे जाते. आत्याच्या मनगटापाशी सुरकुत्यांची जाळी इतकी बारीक आहे की सुगडाच्या तड्यांची आठवण यावी. त्यातल्या किती वयाच्या, किती उन्हातल्या खुरपणीच्या आणि किती धुराच्या, हे एकटीच्या हातावरून कुणालाच सांगता यायचं नाही. त्यासाठीच तर शेकडो हात मोजावे लागतात.

आणि धूर कातडीचं वाईट करतो हे माणसाला पहिल्यांदा समजलं ते तुमच्याएवढ्या मुलांमुळे. अडीचशे वर्षांपूर्वीचं लंडन. घरोघरी कोळशाच्या शेकोट्या आणि त्यांची अरुंद धुराडी. ती साफ करायला लहान मुलांना आत चढवत, कारण मोठा माणूस मावतच नसे. आठ वर्षांखालच्या मुलाला या कामावर घ्यायचं नाही असा कायदा १७८८ साली करावा लागला, म्हणजे त्याआधी किती लहान पोरं चढत असतील! ही मुलं काजळीतच काम करत, काजळीच्या पोत्यांवरच झोपत, आंघोळ क्वचितच. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यविशारदाने लिहिलं की या मुलांना मोठेपणी त्वचेचा एक कॅन्सर होतो, आणि तो होतो अंगाच्या घडीत, जिथे घामाबरोबर काजळी साचून राहते. बाहेरच्या एखाद्या पदार्थामुळे कॅन्सर होतो हे दाखवणारं ते पहिलंच निरीक्षण मानतात. पुढे शंभरेक वर्षांनी बटलिन नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलं की युरोपातल्या इतर देशांत धुराडी साफ करणाऱ्यांना हा आजार फारसा होतच नाही. का? ते अंगासरशी बसणारे पूर्ण कपडे घालत आणि काम संपलं की अंग धूत. औषध नाही, मलम नाही. कपडे आणि आंघोळ!

आता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात चला. या दिवसांत केडगावच्या बाजूला गेलात तर वाऱ्यावरच गोड वास येतो. गुऱ्हाळं! चरकातून रस पडतोय, काहिलीत रटरटतोय, कुणीतरी पेल्यात गरम काकवी देतंय. रस काढून उरलेली चिपाडं उन्हात वाळवायची आणि चुलवाणात सारायची, ही जुनी पद्धत. उसानेच उसाला शिजवायचं. चांगली वाळलेली चिपाडं भडभड जळतात, धूर बेताचा होतो. पण काही ठिकाणी चिपाडांऐवजी प्लास्टिक, जुन्या चपला, टायर असलं स्वस्तातलं जळण घालतात, अशा तक्रारी या तालुक्यातून पुन्हा पुन्हा झाल्या आहेत. तो धूर वासावरूनच कळतो. घशात खरवडतो.

त्या धुराचा नातेवाईक फार कुप्रसिद्ध आहे. क्लोरीन असलेलं प्लास्टिक, उदाहरणार्थ पीव्हीसी, जळताना डायॉक्सिन नावाचे पदार्थ तयार होऊ शकतात. मघाच्या कुलपाची सर्वांत घट्ट बसणारी किल्ली ही. १० जुलै १९७६ ला इटलीतल्या सेवेसो गावाजवळच्या रसायनांच्या कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग सुटला. पुढे सुमारे दोनशे जणांच्या अंगावर क्लोरॲक्ने नावाच्या हट्टी पुटकुळ्या उठल्या, आणि त्यांतली बहुतेक मुलं होती. तिथली मात्रा प्रचंड होती, घराच्या परड्यात जळणाऱ्या पिशव्यांशी तिची बरोबरी नाही. पण पिशव्यांची शेकोटी करून तिच्याभोवती हात शेकणारी पोरं मला दर थंडीत दिसतात, आणि दर वेळी मी थांबून भांडतो. लाकडाची करा की!

थंडीचा आणखी एक कावा आहे. केंदूरला पहाटे लवकर उठून बाहेर पाहिलं तर वेळ नदीच्या अंगाने निळसर धुराची एक चादर अंथरलेली दिसते. घरांच्या वर, पण झाडांच्या शेंड्यांच्या खाली. रात्री जमीन गार होते, जमिनीलगतची हवाही गार आणि जड होते, आणि वर त्या मानाने उबदार हवेचं झाकण बसतं. धुराला वर जायला वाटच नाही. ऊन चढलं की झाकण उघडतं. म्हणजे ज्या वेळी हवा सर्वांत घाण, नेमक्या त्याच महिन्यांत कोरड्या गार वाऱ्याने ओठ, गाल, टाचा उलतात. गिलाव्याला तडे आणि दारात चोर.

आता वजरीकडे येऊ. खसाखसा घासलं की मळ जातो, बरं वाटतं, आणि सोबत वरच्या विटा आणि गिलावाही जातो. आपली कातडी किंचित आंबट असते, साबण त्याच्या उलट, चांगलाच अल्कली. दिवसातून चारदा साबण लावला तर कातडी ताणल्यासारखी होते ना? तो गिलावा गेल्याचा निरोप. टाचांची कातडी जाड असते, तिला वजरी झेपते. तोंडाला नाही. म्हणून मी बाहेरून आल्यावर एकदा, कोमट पाण्याने, सौम्य साबणाच्या फेसाने, फक्त बोटांनी तोंड धुतलं. टिपून कोरडं केलं. आणि कातडी दमट असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब लावले, गिलाव्याची डागडुजी म्हणून. लिंबू चोळू नका, टूथपेस्ट तर नकोच नको.

"मग सकाळी शाळेत जाताना पण तेल लावू?" चांगला प्रश्न होता. त्याचं उत्तर आम्ही प्रयोगानेच काढलं.

गेल्या वर्षीच्या लग्नपत्रिका घरात पडल्या होत्या. त्यांच्या मागच्या कोऱ्या पांढऱ्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला आणि तीन पट्ट्या टांगल्या. एक रस्त्याकडेच्या लिंबाला. एक कांद्याच्या वावरात, मोटारीच्या पेटीवर. एक चुलीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला, जाळापासून चांगली लांब. दोन रात्री ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर मांडल्या. लिंबावरची पट्टी तपकिरी, नुसत्या डोळ्यांनी दाणे दिसतील अशी. वावरातल्या पट्टीवर थोडी माती, कांद्याच्या पातीचा एक तुकडा आणि तीन चिलटं. तिथेच नातीला तिचं उत्तर मिळालं. तेलाचा जाड थर चोपडून धुळीत जायचं म्हणजे स्वतःचीच पट्टी करायची! तेल रात्रीचं, धुतल्यावर. जाताना ओढणी किंवा टोपी, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुली डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळतात, त्यांना लोक हसतात, पण धूळ आणि ऊन या दोघांनाही तो स्कार्फ पुष्कळ अडवतो. फक्त तो रोज धुवायला हवा, नाहीतर कालची काजळी आज गालाला. आणि आतून डागडुजीला पेरू, आवळा, शेंगदाणे आहेतच. त्यांत सी आणि ई ही जीवनसत्त्वं असतात.

चुलीवरची पट्टी मी शेवटी ठेवली होती. तिच्यावर दाणे नव्हतेच. सगळीकडे एकसारखा करडा-पिवळट पापुद्रा चढला होता, रंग दिल्यासारखा. खसखशीहून बारीक कण दिसतात ते असेच, कण म्हणून नाहीत, छटा म्हणून. तिन्हींत ती सर्वांत गडद होती. नगर रस्त्यावरून आलेल्या माझ्या रुमालाशेजारी ठेवली तर रुमाल बरा म्हणावा.

आत्या पदराला हात पुसत आली. तिने पट्टीवर बोट ओढलं. बोट काळं झालं, पट्टीवर पांढरी रेघ उमटली. ते बोट तिने दुसऱ्या हाताच्या मागच्या बाजूवर टेकवलं आणि जरा वेळ बघत राहिली.

"झरोक्यात पोतं मीच कोंबलंय," ती म्हणाली. "मांजर येतं ना दुधावर."

नात पिंपावर चढली आणि तिने पोतं ओढून काढलं. धूळ, जळमटं आणि उजेडाचा एक तिरका पट्टा असं सगळं एकदमच आत आलं. संध्याकाळी भाकरी टाकताना धूर सरळ त्या भोकाकडे चालला होता, आणि आत्या पहिल्यांदाच डोळे न चोळता बसली होती.

दूध मात्र त्या रात्री मांजराने प्यायलं.